दवा घेणे हीही सुन्नत : मनाच्या आजारांविषयी काही गोष्टी



मशिदीच्या इमामाला दिवसभरात जे मसले विचारले जातात, त्यांतील बहुतेकांची उत्तरे फिक्हच्या किताबांत सापडतात. काही मसले मात्र असे असतात की प्रश्न फिक्हचा असतो आणि दुखणे दुसरेच असते. विचारणारा वुजूविषयी विचारतो, तलाकविषयी विचारतो, इमान शिल्लक आहे की नाही हे विचारतो. पण त्याचे मन आजारी आहे हे तो सांगत नाही, कारण ते त्यालाही ठाऊक नसते. मदरशात आम्हाला मसल्याचे उत्तर द्यायला शिकवले गेले. विचारणाऱ्याचा चेहरा वाचायला मी उशिरा शिकलो. त्या उशिराची किंमत एका घराला मोजावी लागली, त्याविषयी पुढे सांगतो.

आमच्या कन्हानच्या आसपास कोळशाच्या खाणी आहेत. खाणीत उभे आयुष्य पाळ्या करून निवृत्त झालेले एक वयस्क गृहस्थ आमच्या जमातीत आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचा फजरच्या अजानच्या आधी वुजूखान्यावर येऊन बसत आणि इकामत झाली तरी उठत नसत. हात धुवून झाले की पुन्हा धूत, कोपर चोळत, पाय चोळत, नळ बंद करून दोन पावले चालत आणि परत फिरत. थंडीच्या दिवसांत त्यांच्या हातांची कातडी फुटून रक्त येई. नमाज झाल्यावर ते माझ्याजवळ येत आणि हलक्या आवाजात विचारत, "हाफिजसाहेब, कोपर कोरडे तर राहिले नसेल?" मी म्हणे, "नाही चाचा, तुमचा वुजू झाला." त्यांचा चेहरा उजळे. जुहरला पुन्हा तोच प्रश्न. असरला पुन्हा तोच. मी दर वेळी प्रेमाने उत्तर देत असे आणि मनात समाधान मानत असे की आपण एका वृद्धाची तसल्ली करतो आहोत.

ही तसल्लीच त्यांचा आजार वाढवत होती, हे मला नंतर कळले.

आपल्या भाषेत याला वस्वसा म्हणतात. मराठीत या आजाराला मंत्रचळ असा एक जुना आणि नेमका शब्द आहे. मंत्र पुन्हा पुन्हा म्हणणाऱ्याची आठवण करून देणारा. मराठीचा विद्यार्थी असताना हा शब्द मी केवळ शब्द म्हणून वाचला होता. त्याचा अर्थ मला वुजूखान्यावर कळला. या आजाराची रीत अशी : मनात एक नकोशी शंका येते. शंकेने जीव कासावीस होतो. ती शमवण्यासाठी माणूस एखादी कृती करतो, धुतो, मोजतो, कुलूप पाहून येतो किंवा दुसऱ्याला विचारतो. क्षणभर आराम पडतो. त्या आरामातून मन एवढेच शिकते की ही कृती केली म्हणून आपण वाचलो. मग पुढची शंका अधिक जोराने येते आणि तिला अधिक धुणे लागते. चाचांसाठी पाणी ही एक कृती होती आणि माझे उत्तर ही दुसरी.

यावर उपचार आहे, आणि तो चाचण्यांनी तपासलेला आहे. रुग्णाला समुपदेशकाच्या सोबतीने हळूहळू शंकेसमोर उभे केले जाते आणि नेहमीची कृती करण्यापासून थांबवले जाते. वुजू एकदा करायचा आणि नळापाशी परत जायचे नाही. कासाविशी चढते, शिखराला पोहोचते आणि काही न करताही उतरते. ती आपोआप उतरते हे शरीराने अनेकदा अनुभवले की शंकेचा जोर ओसरू लागतो. सोबत लागल्यास औषधेही दिली जातात. या आजारात त्यांचा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, म्हणून पंधरा दिवसांत "फरक नाही" म्हणून सोडून देणे बरोबर नव्हे.

आता आपल्या फुकहांनी काय सांगितले आहे ते पाहा. निश्चित असलेली गोष्ट शंकेने नष्ट होत नाही, हा फिक्हचा पायाभूत नियम आहे. ज्याला वारंवार शंका येते त्याने शंकेकडे लक्ष देऊ नये, हा हुकूम आपल्या मदरशांतील पहिल्या काही वर्षांतच शिकवला जातो. प्रेषितांनी (स.) वुजूचे अवयव तीनदा धुवून दाखवले आणि त्यापुढे जाणाऱ्याने मर्यादा ओलांडली असे बजावले. नमाजेत असताना वुजू तुटल्याची नुसती शंका आली तर आवाज किंवा गंध यांसारखी खात्रीची खूण मिळेपर्यंत नमाज सोडू नये, असेही सांगितले. इब्न कुदामा यांनी तर वस्वशात सापडलेल्या लोकांविषयी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. म्हणजे शंकेला शरण न जाण्याचा जो मार्ग आज मानसोपचारात शिकवला जातो, त्याला आपल्या शरियतमध्ये आधीपासून जागा आहे. चाचांना हे सगळे माहीत होते. माहीत असूनही ते करू शकत नव्हते. आजार याचेच नाव आहे, आणि म्हणूनच नुसता मसला सांगून तो बरा होत नाही.

चाचांच्या मुलाने त्यांना नागपूरला मेयोच्या मनोविकार विभागात नेले. तिथल्या समुपदेशकांनी मला निरोप पाठवला की मौलानांनी एकच मदत करावी, उत्तर देणे थांबवावे. मला ते फार जड गेले. पुढच्या वेळी चाचांनी विचारले तेव्हा मी ठरल्याप्रमाणे म्हणालो, "चाचा, याचे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे." ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि मला वाटले आपण जुलूम करतो आहोत. काही आठवड्यांनी प्रश्न कमी झाले. आज ते इकामतीच्या आधी सफेत उभे असतात. अधूनमधून शंका येते, पण ते तिला येऊ देतात आणि जाऊ देतात.

तरुण वाचकांसाठी इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती विचारायला लाज वाटते. वस्वसा केवळ पाण्याचा नसतो. अल्लाहविषयी, प्रेषितांविषयी (स.), कुरआनविषयी अभद्र विचार मनात येतात, नमाजेतच अधिक येतात आणि मुलगा किंवा मुलगी आपण इस्लामबाहेर गेलो या भीतीने आतल्या आत जळत राहते. सहाबांनीही अशी तक्रार केली होती की मनात असे काही येते जे जिभेवर आणणेही आम्हाला असह्य वाटते. प्रेषितांनी (स.) त्या अस्वस्थतेलाच इमानाची खूण म्हटले. नकोसा विचार येणे गुनाह नाही. त्याने जगणे अशक्य केले असेल तर तो आजार आहे, आणि त्याचा इलाज वर सांगितला तोच आहे.

आता नैराश्याकडे वळू. आपल्या घरांतील बोलीत मनाच्या दुखण्याला शब्द फार थोडे आहेत. दिल घबरा रहा है, मन लागत नाही, दिमाग गरम झाला. आणि त्यापुढे थेट पागल. मधले काहीच नाही. त्यामुळे जो पागल नाही तो बरा, असे आपण समजतो आणि मधल्या सगळ्या लोकांना एकटे सोडतो. भारतात २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यात दर शंभर प्रौढांपैकी सुमारे दहा जणांना त्या वेळी कोणता तरी मनोविकार असल्याचे आढळले, आणि नैराश्याच्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के उपचाराविना होते. आपल्या जुम्याच्या सफा डोळ्यांसमोर आणा आणि हिशेब करा.

दुःख म्हणजे नैराश्य नव्हे, हे आधी स्पष्ट करतो. प्रेषितांचे (स.) पुत्र इब्राहीम वारले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले. हजरत खदीजा (रजि.) आणि चुलते अबू तालिब गेले त्या वर्षाला सीरतच्या किताबांनी दुःखाचे वर्ष असेच नाव दिले. हजरत याकूब (अ.) पुत्रवियोगात इतके रडले की त्यांच्या डोळ्यांची दृष्टी गेली, आणि कुरआनने त्यांच्या सब्राला तरीही सुंदर म्हटले आहे. रडणारा माणूस सब्र करत नाही, असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो? दुःख हे जिवंत काळजाचे लक्षण आहे. नैराश्य निराळे. त्याची ओळख डॉक्टर अशी सांगतात : दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास राहते किंवा ज्या गोष्टींत पूर्वी गोडी होती ती गोडी नाहीशी होते. त्याच्या जोडीला झोप बिघडते, भूक मरते किंवा वाढते, अंगातील शक्ती जाते, लक्ष लागत नाही, आपण कवडीमोल आहोत असे वाटते, आणि कधी मरणाचे विचार येतात. आपल्याकडे, विशेषतः वडीलधाऱ्यांत, हे सगळे अंगदुखी, डोकेदुखी आणि छातीतील धडधड या रूपाने बोलून दाखवले जाते. थायरॉईड, रक्ताची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही असेच वाटू शकते. म्हणून रक्ततपासणी आधी करून घ्यावी.

विशेष म्हणजे हा भेद आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. बल्ख शहरातील विद्वान अबू जैद अल-बल्खी, मृत्यू हिजरी ३२२ म्हणजे इसवी सन ९३४, यांनी शरीर आणि मन यांच्या हितावर एक ग्रंथ लिहिला. वैद्य शरीराबद्दल लिहितात आणि मन सोडून देतात, ही त्यांची तक्रार होती. त्यांनी मनाच्या दुखण्यांत क्रोध, भीती, खिन्नता आणि वस्वसा यांचा वेगवेगळा विचार केला. खिन्नतेचे त्यांनी दोन प्रकार मानले : एक, जिचे कारण ठाऊक असते, दुसरी, जिचे कारण सापडत नाही आणि जिचे मूळ शरीरात असते. दुसरीसाठी त्यांनी शरीराचा उपचार सांगितला. पहिलीसाठी, निरोगी अवस्थेत चांगले विचार मनात साठवून ठेवावेत, जसे घरात प्रथमोपचाराची औषधे ठेवतात, असा सल्ला दिला. हजार वर्षांपूर्वी. दमास्कस आणि कैरोच्या बीमारिस्तानांत मनोरुग्णांवर उपचार होत होते. आपण त्या वारशाचे भाषणात गोडवे गातो आणि घरातील रुग्णाला झाडफुंकीला नेतो.

आजच्या काळातील तपासलेला उपचार कोणता, हे सांगायला मला परदेशात जावे लागत नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार देणारे डॉक्टर नव्हते; प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे होती. सहा ते आठ भेटी झाल्या. तीन महिन्यांनी, ज्यांना या भेटी मिळाल्या त्यांच्यातील शंभरांपैकी ६४ जण आजारातून बाहेर आले होते. ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांच्यात हे प्रमाण ३९ होते. या भेटींत काय केले गेले? मन बरे वाटेल तेव्हा काम करू, ही वाट पाहणे थांबवले गेले. नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो, काम सुटते तसे मन अधिक खचते, मन खचते तसे आणखी काम सुटते. समुपदेशक या फेऱ्याला कामाच्या बाजूने तोडतो. उद्या सकाळी उठून दारात बसा. परवा गल्लीच्या टोकापर्यंत जा. ज्याच्याशी बोलल्यावर बरे वाटायचे त्याला फोन करा. काम लहान ठेवायचे, वेळ ठरवायची, आणि मनाला विचारायचे नाही.

आपल्या विदर्भातही असेच काम झाले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबवला गेला, आणि अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत त्याचा परिणाम मोजला गेला. गावातीलच कार्यकर्ते घरोघरी नैराश्याविषयी बोलले. सुरुवातीला नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी जेमतेम चार जण कोणाची मदत घेत होते. अठरा महिन्यांनी हा आकडा २७ वर गेला. यातून मी एवढेच घेतले की लोक मदत घेत नाहीत याचे कारण त्यांचा हट्ट नसतो. दाराशी येऊन कोणी बोललेच नव्हते.

पाच वेळची नमाज ही दिवसाला आकार देते. उठणे, पाणी, चालत मशिदीत जाणे, खांद्याला खांदा लावून उभे राहणे, यांत गोव्याच्या त्या उपचाराचे पुष्कळसे काही आहे. मी रुग्णांना सांगतो की जेवढे जमते तेवढे करा, एक वेळची मशिदीत आलात तरी पुष्कळ झाले. परंतु हे वाक्य उलटे करून रुग्णाच्या अंगावर फेकू नका. तो फजरला उठत नाही म्हणून आजारी पडला असे नाही. तो आजारी आहे म्हणून उठू शकत नाही.

हे मी अधिकाराने सांगत नाही, अपराध्यासारखा सांगतो. काही वर्षांपूर्वी पोलीस भरतीची तयारी करणारा एक बावीस वर्षांचा तरुण इशानंतर माझ्याकडे तीनदा आला. झोप येत नाही, कशातच मन नाही, दुआतही नाही, असे त्याने सांगितले. पहिल्यांदा मी तहज्जुद सांगितली. दुसऱ्यांदा जिक्र सांगितला आणि मोबाईल कमी करायला सांगितले. तिसऱ्यांदा म्हणालो, "बेटा, अल्लाहवरचा भरोसा कमी पडतो तेव्हा असे होते." त्यानंतर तो मशिदीत दिसेनासा झाला. एका जुम्याला मी बयानात, नाव न घेता, नमाज सोडून खोलीत पडून राहणाऱ्या तरुणांवर बोललो. त्या दिवशी तो आला होता, शेवटच्या सफेत. मी पाहिले नाही. त्याच आठवड्यात त्याने आपला जीव संपवण्याचा प्रयत्न केला. अल्लाहने त्याला वाचवले. रुग्णालयात मी भेटायला गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, "हजरत, तो बयान माझ्यावर होता ना?"

मी खोटे बोलू शकलो नाही.

त्याचा उपचार झाला, औषधे आणि समुपदेशन दोन्ही. तो आज नोकरी करतो आणि हा मजकूर त्याच्या परवानगीने लिहिला आहे. त्याच्या डॉक्टरांनी मला शिकवलेल्या गोष्टी आपल्यालाही सांगतो. कोणी खूप खचलेला दिसला तर त्याला सरळ, मऊ आवाजात विचारावे, "जीव नकोसा वाटतो का? मरणाचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात घुसत नाही. बहुतेकदा, अखेर कोणी विचारले म्हणून माणूस हलका होतो. उत्तर होय असेल तर उपदेश करू नये, हराम-हलालचा धडा त्या घटकेला देऊ नये. त्याला एकटे सोडू नये, घातक वस्तू दूर कराव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती चालू आहे, दिवसरात्र विनामूल्य आहे आणि मराठीतूनही बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले आहे आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने रुग्णालय टाळू नये.

याला जोडूनच एक मसला. आत्महत्या हराम आहे यात दुमत नाही. पण असे मरण आलेल्या घराला लोक विचारतात की जनाजा होईल का. हनफी मसलकात ज्या मतावर फतवा आहे त्यानुसार जनाज्याची नमाज पढली जाते, मगफिरतीची दुआ केली जाते. प्रेषितांनी (स.) अशा एका व्यक्तीची नमाज स्वतः पढवली नाही, हे हदीसमध्ये आहे, उलमांनी त्याचा अर्थ लोकांना जरब बसावी असा घेतला आहे. त्याच हदीससंग्रहात हजरत तुफैल बिन अम्र (रजि.) यांच्या सोबत्याचीही हकीकत आहे. असह्य वेदनेत त्याने स्वतःच्या हातांना इजा करून घेतली व त्यात तो वारला, हिजरतीच्या बदल्यात त्याला माफी मिळाली आणि प्रेषितांनी (स.) त्याच्या हातांसाठीही दुआ केली. शोकग्रस्त आईसमोर जहन्नमचे वर्णन करणाऱ्यांनी ही हदीस एकदा वाचावी.

मग जिन्न, नजर, जादू यांचे काय, असा प्रश्न येणारच. जिन्नांचे अस्तित्व कुरआनने सांगितले आहे, ते नाकारण्याचा प्रश्न नाही. परंतु अमुक माणसाच्या झोप न येण्यामागे जिन्न आहे, हे कुरआनने सांगितलेले नाही. ते शेजारणीने सांगितलेले असते. कुरआन पढून दम करणे ही दुआ आहे, ती रुग्णासाठी अवश्य करावी, आणि औषधाची गोळी घेतानाही करावी. प्रेषितांनी (स.) बदूंना स्पष्ट सांगितले होते की इलाज करा, अल्लाहने एक म्हातारपण सोडून प्रत्येक आजाराची दवा निर्माण केली आहे. मनाचे आजार त्यातून वगळल्याचे कोणत्याही हदीसमध्ये माझ्या वाचनात आलेले नाही. उलट शोकात असलेल्यांसाठी आणि आजाऱ्यांसाठी तलबीना, म्हणजे जवाच्या पिठाची पेज, हृदयाला आराम देते असे सांगून त्यांनी मनाच्या दुखण्यालाही अन्नाचा आधार दिला.

मारहाण, साखळदंड, मिरचीची धुरी मात्र दुआ नव्हे, तो अत्याचार आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली असे करणे गुन्हा ठरवले आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका निवासात आग लागली. तिथे मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण जळून मेले, आणि त्यांना तिथे त्यांच्या आप्तांनीच श्रद्धेने आणून सोडले होते. आपल्या विदर्भातूनही रुग्ण सैलानीला आणि इतरत्र नेले जातात. जियारतला जाणाऱ्यांशी मी इथे वाद घालत नाही. जा, पण गोळ्या सोबत न्या आणि रुग्णाला बांधू नका. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यावर याच विचाराने दवा आणि दुआ एकत्र देण्याची व्यवस्था उभी राहिली, दर्ग्याच्या आवारातच डॉक्टर बसू लागले.

इथे कोणी ना कोणी ताजुद्दीन बाबांचे नाव काढतोच, विशेषतः आमच्या भागात, कारण त्यांचा जन्म नदीपलीकडच्या कामठीतला, १८६१ चा. १८९२ मध्ये इंग्रजांच्या राजवटीने त्यांना नागपूरच्या पागलखान्यात टाकले आणि सुमारे सोळा वर्षांनी, १९०८ मध्ये, राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना सन्मानाने बाहेर आणले. लोक म्हणतात, "बघा, जगाने ज्याला वेडा म्हटले तो वली निघाला, आमचा मुलगाही मज्जूब असेल." कोण वली हे अल्लाह जाणतो. परंतु आपला मुलगा रात्ररात्र भिंतीशी बोलतो, जेवत नाही, आपल्याला कोणी विष घालते असे म्हणतो, तेव्हा त्याला मज्जूब ठरवून दहा वर्षे उपचाराविना ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? ज्याचे भान गेले त्याच्यावरून शरियतने लेखणी उचलली आहे. त्याची देखभाल करणाऱ्यांवरून नाही. बाबा जिथे राहिले ती जागा आज प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातील अशा चार रुग्णालयांपैकी एक, आणि तिथे उपचार होतात.

भगिनींसाठी दोन शब्द. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणे, चिडचिड होणे सामान्य आहे. ते साधारण दोन आठवड्यांत ओसरते. ओसरले नाही, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले किंवा भलतेच विचार येऊ लागले तर तो आजार आहे आणि लगेच दाखवायला हवे. निफासच्या काळात नमाज नसते, त्यामुळे ज्या स्त्रीला नमाजेचाच आधार होता तिला तो आधारही तुटल्यासारखे वाटते. आणि सासरचे म्हणतात, इबादत सुटली म्हणून असे होते. दुआ आणि जिक्र त्या काळातही खुले असतात. हजरत मरयम (अ.) प्रसूतीच्या वेदनेत मरण मागत्या झाल्या, हे कुरआनने लपवलेले नाही. त्यांना तेव्हा फटकारले गेले नाही. पायाशी वाहते पाणी दिले गेले, खजूर दिले गेले, दुःख करू नकोस असे सांगितले गेले आणि लोकांना उत्तरे देण्याच्या कामातून मोकळीक दिली गेली. आपल्या सुनेला यांतील किती गोष्टी मिळतात, हे सासूबाईंनी स्वतःला विचारावे.

औषधांविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. नैराश्यावरील नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. त्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागल्यावरही त्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात. मनाने एकदम बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता येऊ शकते. डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात. झोपेच्या गोळ्यांचे मात्र वेगळे आहे. त्यांची सवय लागू शकते. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकल स्टोअरमधून त्या वर्षानुवर्षे आणत राहू नये.

रमजानमध्ये अनेक जण रोज्यासाठी गोळ्या सोडतात आणि ईदपर्यंत आजार उलटतो. शाबानमध्येच डॉक्टरांना भेटा. पुष्कळ औषधे इफ्तार आणि सहरीच्या वेळी बसवता येतात. पण ज्यांना लिथियम चालू आहे त्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय रोजा ठेवू नये, कारण शरीरातील पाणी कमी झाले की रक्तातील त्याचे प्रमाण घातक पातळीला जाऊ शकते. आजाऱ्याला रोज्यातून सवलत कुरआननेच दिली आहे. बरे झाल्यावर कजा करता येतो. बरे होण्याची आशा नसेल तर फिद्या आहे. मधुमेहाच्या रुग्णाला हे सांगितले की आपण मान डोलावतो. मनाच्या रुग्णाला सांगितले की त्याच्या इमानाची चौकशी करतो.

नागपूरला जाताना जुन्या चिठ्ठ्या, चालू गोळ्यांची पाकिटे आणि रक्ताचे अहवाल सोबत घ्यावेत. मेयो आणि मेडिकल या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभाग आहे. पहिल्या भेटीला घरातील एक समंजस माणूस बरोबर असावा, आणि काही वेळ रुग्णाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावे. कन्हान-कामठी भागातील कोणा वाचकाला सोबत जाणारे कोणी नसेल तर मशिदीत निरोप ठेवावा. जुमा सोडून कोणत्याही सकाळी मी येऊ शकतो, चाचाही येतात.